धोतर नेसून राजाच्या वाड्यात

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. त्यामुळे जिथं लिहिता येणार नाही तिथं मी बोलतो तसंच लिहून टाकणार आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही, कारण ही गोष्ट मी गावात शंभरदा सांगितली आहे आणि एकदाही कोणी मधून उठून गेलेलं नाही.

गोष्ट थायलंडची आहे. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावातून आम्ही म्हातारे मित्र थायलंडला जाऊन आलो. लोक काहीबाही बोलले. थायलंड म्हटलं की बोलणारे तेच बोलतात. माझी बायको मात्र एवढंच म्हणाली, "जा. पण धोतराले नीळ देऊन ठेवली हाय, मळवून आणू नका." तिला माझ्यावर भरवसा होता, धोतरावर नव्हता.

आता धोतराचं सांगतो, कारण गोष्ट त्याचीच आहे. लग्नात सासऱ्यानं आहेरात धोतरजोडी दिली. तेव्हापासून माझ्या पायांनी दुसरं काही पाहिलं नाही. आमच्या गावच्या पारावर एकेकाळी संध्याकाळी पांढऱ्या धोतरांची रांग बसायची. बगळे बसल्यासारखी. एकेक करून काही वर गेले, काही पँटीत गेले. आज गावात धोतर नेसणारा एक मी, बाकी सारे भिंतीवरच्या फोटोत. घाटंजीचा कापडवाला माझ्या एकट्यासाठी जोडी मागवून ठेवतो. मी सोडलं तर गावातलं धोतर संपलं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मला माहीत होतं.

थायलंडची टूम काढली ट्रॅक्टरवाल्यानं. गावात पहिला ट्रॅक्टर त्यानं आणला, म्हणून त्याचं नाव ते पडलं. माझा लहानपणचा सोबती. पोट एवढं की स्टेअरिंगच्या मागं बसायला जागा नाही, आता ट्रॅक्टर पोरगा चालवतो. त्याच्या ओसरीत एका जुन्या कॅलेंडरवर थायलंडच्या राजाच्या वाड्याचं चित्र आहे, सोन्याच्या शिखरांचं. कॅलेंडराचं साल कधीच संपलं, पण यानं ते पान काढलं नाही. "मराच्या आधी हे पाहाचं हाय मले," असं तो दर दिवाळीला म्हणायचा. यंदा त्याला तूर चांगली झाली, आम्हालाही झाली, आणि तो म्हणाला, आता नाही तर कधी नाही.

तिसरा सोबती मिस्त्री. पांढरकवड्याला त्याचं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या अख्ख्या पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी त्याच्या हातावर चालतं. चौथा कंडक्टर, एसटीतून निवृत्त झालेला. तो अजूनही घरात शिरताना "पुढं सरका" म्हणतो.

ठरलं त्या दिवशी चौघं पारावर बसलो होतो. ट्रॅक्टरवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, "तिकडे धोतर चालत नाई हो."

"कोणं सांगतलं?"

"मीच सांगून राह्यलो नं."

"तू गेलता का पयले?"

"मोबाईलवर पाह्यलं. सारे हाफपँटवर हिंडतेत तिकडे. राजा-रंक सारे."

"हिंडू दे. मी त्यायच्या हाफपँटले नाव ठेवत नाई, त्यायनं माह्या धोतराले ठेवू नये."

"अबे, दारातून हाकलून देतीन तुले! अन् तुह्यापायी आमालेबी."

मला राग आला. राग आला की मी हळू बोलतो. मी हळू म्हणालो, "आयक. धोतरापायी मले एका बी दारावर अडवलं, वापस धाडलं, तं मी पँट घालीन. तिथं घालीन, अन् गावात येऊनबी पँटच घालीन. मरेपर्यंत. अन् नाई अडवलं तं?"

तो माझ्यापेक्षा जोरात बोलतो. तो ओरडला, "तं मी धोतर नेसून घाटंजीच्या बाजारात फिरीन! भर बाजारात!"

मिस्त्रीनं दोघांचे हात एकमेकांत दिले आणि म्हणाला, "गवाह मैं. अब कोई मुकरा तो उसकी मोटर कभी दुरुस्त नहीं होगी."

ही धमकी आमच्याकडं कोर्टाच्या कागदाहून मोठी.

पुढच्या बाजारी तिघांनी घाटंजीहून हाफपँटी आणल्या. एकाच गाड्यावरच्या, एकाच रंगाच्या, साऱ्यांवर नारळाची झाडं. माझ्या पोरानंही हळूच माझ्या बॅगेत एक पँट टाकली, इस्त्री करून, घडी घालून. मी पाहिलं, सोबत्यांनाही सांगितलं, आणि राहू दिली. म्हटलं, बस तू तिथं. तुलाही थायलंड दाखवून आणतो.

पहिली बाजी मी नागपूरच्या विमानतळावरच मारली. तिथं तपासणीला उभं केलं आणि शिपाई म्हणाला, बेल्ट काढा. ट्रॅक्टरवाल्यानं बेल्ट काढला. प्रवासापुरती त्यानं फुलपँट घातली होती, ती बेल्टावरच टिकून होती. एका हातात बॅग, एका हातात पँट, असा तो त्या लोखंडी चौकटीतून गेला. कंडक्टर त्याच्या मागं, तोही पँट धरून. माझ्याजवळ काय होतं? कमरेला सुती करदोडा आणि त्यावर धोतर. मी दोन्ही हात वर करून शिस्तीत निघालो. शिपायानं पोटावर चाचपलं आणि विचारलं, "ये क्या है?"

"निऱ्या हायेत साहेब."

तो हसला आणि जा म्हणाला. मी पलीकडं उभा राहून ट्रॅक्टरवाल्याला बेल्ट बांधताना पाहत राहिलो. काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती, तरी शेवटी बोललोच. "घाई करू नोको. विमान थांबवतो मी."

तिकडं आम्हाला एक गाईड बाई मिळाली. तिथलीच, बारीक चणीची, पण चालायला अशी की आमची दमछाक. हिंदी यायचं तिला, मोडकंतोडकं. आमच्यासारखंच, फक्त मोडलेलं वेगळ्या जागी. ती मला "बाबा व्हाईट" म्हणायची. गर्दीत चुकामूक झाली की ती बाकीच्यांना सांगायची, बाबा व्हाईट को देखो, उधर आओ. म्हणजे ज्या धोतराची या लोकांना लाज वाटत होती, त्याचाच त्यांना झेंडा झाला. हे मी त्यांना दर चुकामुकीला सांगितलं.

पहिली सहल बेटाची होती. समुद्रातून वेगानं पळणारी बोट. आमच्याकडं पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर धरणाचं. हे पाणी संपतच नव्हतं. बोट लाटेवर आपटली की कंडक्टर म्हणायचा, "हाणला गड्ड्यात! आपल्या पारव्याच्या रोडवानी हाय." वाऱ्यानं माझं धोतर फुगलं. असं फुगलं की ट्रॅक्टरवाला हसून हसून लाल झाला. "अबे, हे तं शीड झालं! ड्रायव्हर, इंजिन बंद करा, आमचा बुढा नेते बोट!"

मी उठलो. चालत्या बोटीत, दांडा धरून, सोगा, म्हणजे धोतराचं पुढचं लोंबतं टोक, मागं घेऊन खोचला आणि मांड्यांपर्यंत धोतर आवरून घेतलं, नाल्याला पूर आल्यावर आवरतो तसं. परत खाली बसलो. समोरच्या बाकावर गोऱ्या लोकांचं एक कुटुंब होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बेटावर उतरल्यावर त्यातली म्हातारी माझ्याजवळ आली, माझ्या धोतराकडं, टोपीकडं बोट करून फोटो मागितला. मी काढू दिला. मग तिच्या नवऱ्यानं काढला. मग त्यांच्या पोरींनी. ट्रॅक्टरवाला नारळाच्या झाडांची हाफपँट घालून नारळाच्या झाडाखाली उभा होता. त्याचा कोणी काढला नाही.

"तुह्या पँटीवरचे झाडं अन् मागचे झाडं एकच दिसते," मी म्हटलं. "तू कुठं हायेस ते समजत नसन त्यायले."

ती बाजीही माझीच झाली. पण त्याची वेळ यायची होती.

दुसऱ्या दिवशी शहरात आलो आणि गाईड बाईनं आम्हाला एका मोठ्या मॉलमध्ये नेलं. आत थंडी, बाहेर भट्टी. तिथं नारळाच्या करवंटीत आइसक्रीम मिळत होतं. ट्रॅक्टरवाल्यानं चौघांसाठी घेतलं आणि एक करवंटी माझ्या डाव्या हातात दिली. उजव्या हातात माझी काठी. आता धोतर नेसणाऱ्याला हे सांगायला नको, पण पँटवाल्यांना सांगतो: चालताना सोगा डाव्या हातात धरतात. जिना असला की तर धरतातच. माझा डावा हात आइसक्रीमनं बांधला गेला आणि आम्ही सरकत्या जिन्यावर उभे राहिलो.

वर पोचलो आणि कोणीतरी मागून धोतर ओढलं. मी म्हटलं, ट्रॅक्टरवाल्याची मस्करी. पाहतो तर सोग्याचं टोक जिन्याच्या दातात गेलेलं, आणि जिना ते गिळून राह्यलेला. मी ओरडलो. करवंटी खाली. मिस्त्रीनं इकडंतिकडं न पाहता लाल बटण दाबलं आणि जिना थांबला. पूर्ण जिना माणसांनी भरलेला, सारे जिथल्या तिथं उभे आणि सारे माझ्याकडं पाहून राह्यले. मिस्त्री खाली बसला आणि कापड मागं खेचलं. सुटलं, पण वितभर टोक मशीनमध्येच राहिलं.

ट्रॅक्टरवाला नाचला. खरंच नाचला, पोटासकट. "हरला! हरला बुढा! काढा पँट बॅगेतून!"

"आइसक्रीम कोणं देल्लं हातात?" मी म्हणालो. "माहा हात तूच बांधला."

"खाल्लं कोणं?"

"अजून खाल्लं नव्हतं!"

कंडक्टर म्हणाला, "गाडी रोखली, म्हणजे गुन्हा त झाला."

आम्ही सारे मिस्त्रीकडं वळलो. तोच गवाह होता. मिस्त्रीनं विचार केला. मोटर उघडल्यावर करतो तसा, डोकं खाली घालून. मग म्हणाला, "शर्त क्या थी? दारावर अडवलं तर. ये दार नहीं, जिना है. और रुका कौन? मशीन रुकी. बुढ्ढा कहाँ रुका?" मला जीव आला. पण तो पुढं म्हणाला, "लेकिन भाऊ, आता बस झालं. अब कहीं भी अटका, तो मेरे तरफ से पँट."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? धोतराचं फाटकं टोक मी हातात धरलं होतं, ते हॉटेलवर येईपर्यंत सोडलं नाही.

परत येताना बसमध्ये गाईड बाईनं सांगितलं, "कल राजा का घर. बहुत बडा. कल कपडा अच्छा, ठीक से." तिनं चौघांकडंही पाहून सांगितलं. तिघांनी माझ्याकडं पाहिलं.

"झालं," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "राजाच्या दारात फाटकं धोतर. उद्या पँटच घाल बाप्पा. मी आता मस्करी नाई करून राह्यलो. तो वाडा पाहासाठीच मी आलो एवढ्या दूर. तुह्यापायी दारातून वापस जा लागलं, तं मी जिंदगीभर बोलणार नाई तुह्याशी."

हे तो हळू बोलला. तो हळू बोलला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

सकाळी आंघोळ करून मी बॅग उघडली. पँट काढून पलंगावर ठेवली. शेजारी दुसरं धोतर ठेवलं, त्याच जोडीतलं धुतलेलं पान. निळीचा वास अजून होता त्याला. मी बराच वेळ दोन्हींकडं पाहत बसलो. पँट वाईट नव्हती. पोरानं प्रेमानं दिली होती. मी एक पाय घालूनही पाहिला, खोटं कशाला सांगू. गुडघ्यापर्यंत गेला आणि असं वाटलं की पाय दुसऱ्याच्या घरात शिरला. तिथून मी तो काढून घेतला. म्हटलं, हरायचंच असेल तर राजाच्या दारात हरू. हॉटेलच्या खोलीत एकट्यानं कायले हरायचं?

आणि दुसरी एक गोष्ट केली, ती हट्टानं केली. नेसलो ते फाटकंच नेसलो. टोक आत दुमडून निऱ्यांत घेतलं, काठ सरळ केला, काष्टा असा घट्ट मारला की बैल ओढले तरी सुटू नये. धुतलेलं धोतर घडी करून पिशवीत घेतलं. दुपट्टा खांद्यावर. टोपी. खाली उतरलो तेव्हा तिघं नारळाच्या झाडांत उभे होते. ट्रॅक्टरवाल्यानं मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि तोंड फिरवलं.

राजाच्या वाड्याचं दार मी काय सांगू! पांढरी भिंत, आमच्या गावाएवढी लांब, आणि भिंतीवरून सोन्याची टोकं दिसतात, कॅलेंडरात आहेत तशीच. ट्रॅक्टरवाला टाचा उंचावून पाहून राह्यला होता. दारात रांग. रांगेच्या तोंडाशी शिपाई, एकाएकाला पाहून सोडत होते.

पुढं कंडक्टर होता. शिपायानं हात आडवा केला. कंडक्टरला वाटलं तिकीट पाहिजे, त्यानं तिकीट दाखवलं. शिपायानं तिकीट पाहिलं नाही. त्याच्या गुडघ्यांकडं बोट केलं. मग बाजूच्या फळ्यावर बोट केलं. फळ्यावर चित्रं होती: हाफपँट, आणि तिच्यावर लाल फुली.

मिस्त्रीलाही हात आडवा. गुडघ्याकडं बोट.

ट्रॅक्टरवाला पुढं झाला आणि त्यानं हाफपँट दोन्ही हातांनी खाली ओढायला सुरुवात केली, गुडघे झाकावे म्हणून. ती खालून झाकली की वरून उघडी पडायची. शिपायानं तोंड वळवून हसू दाबलं आणि त्यालाही बाजूला काढलं.

मग मी.

शिपायानं मला टोपीपासून पाहायला सुरुवात केली. दुपट्टा पाहिला. निऱ्या पाहिल्या. खाली पायांपर्यंत आला. मी श्वास धरून उभा. फाटकं टोक आत होतं, पण मला वाटत होतं की ते साऱ्या जगाला दिसून राह्यलं आहे. मी डावा हात सोग्यावर घेतला. शिपाई जरा बाजूला झुकला, मागून पाहिलं, काष्टा पाहिला. आणि मग त्यानं दोन्ही हात जोडले, छातीशी, थोडा वाकला, आणि मला आत जायची खूण केली.

मी पण हात जोडले. टोपी नीट केली. आणि राजाच्या वाड्यात पाऊल टाकलं.

आत जाऊन लगेच वळलो. उंबऱ्याच्या आत मी, बाहेर तीन नारळवाले. आयुष्यात मी पुष्कळ पिकं काढली, पण असं पीक पुन्हा नाही.

"या नं!" मी म्हटलं. "काहून थांबले? राजा वाट पाहून राह्यला."

गाईड बाई कपाळाला हात लावून म्हणत होती, "मैंने बोला था, कल बोला था." ती खरंच बोलली होती. आपल्या गुडघ्यांकडं कोणी पाहिलंच नव्हतं.

रस्त्याच्या पलीकडं बाया पायजामे विकत बसल्या होत्या, अशा अडलेल्या लोकांसाठीच. ढगळ, पातळ, आणि त्यांवर हत्ती छापलेले. मीही बाहेर आलो. शिपायाला खुणेनं सांगितलं, येतोच. कंडक्टरनं हत्ती घेतले, मिस्त्रीनं हत्ती घेतले, हाफपँटीवरून चढवले. ट्रॅक्टरवाल्यानं सगळ्यात मोठा मागितला. तो मांड्यांवर अडकला. बाईनं आणखी मोठा दिला. त्यानं जोर केला आणि शिवण टर्रकन गेली.

"हत्तीचा पायजामा हत्तीलेच नाई बसत का बे?" कंडक्टर म्हणाला.

सारे हसलो. ट्रॅक्टरवाला हसला नाही. त्यानं पायजामा काढून बाईला परत दिला आणि फुटपाथाच्या कडेला जाऊन बसला. "तुमी जा," म्हणाला. "मी पाह्यलं. टोकं पाह्यले भाईरून. चालते मले." आणि भिंतीवरून दिसणाऱ्या त्या सोन्याकडं पाहत राहिला. कॅलेंडराकडं पाहायचा तसा.

मला वाटलं होतं, जिंकल्यावर मी त्याला तासभर बोलीन. मनात सारं तयार होतं. पण जो माणूस दर दिवाळीला त्या चित्रासमोर उभा राहतो, तो दारात येऊन बाहेर बसतो, हे मला सोसेना. असं जिंकणं मला नको होतं. मी पिशवीतून धुतलेलं धोतर काढलं आणि त्याच्यासमोर धरलं.

"ऊठ. नेस."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग धोतराकडं. "नाई."

"काहून?"

"लोकं पाह्यतीन."

"तुले दारातून काढलं तेव्हाबी पाह्यलं लोकायनं. आता नेसतांनी पाह्यतीन."

तो खाली पाहून म्हणाला, "मले आता येत नाई बे नेसता. इसरलो."

हा त्याच बापाचा पोरगा, ज्याच्या काष्ट्याची घडी पाहायला आम्ही लहानपणी थांबायचो. मी म्हटलं, "उभा राह्य. पाय फाक."

तिथं, राजाच्या भिंतीसमोर, फुटपाथावर, मी ट्रॅक्टरवाल्याला हाफपँटीवरून धोतर नेसवलं. एवढं पोट, कापड पुरेना. "पोट आत घे." "घेतलं नं." "हे घेतलं?" मिस्त्रीनं एक टोक धरलं, कंडक्टरनं ओरडून गर्दी मागं सरकवली, "पुढं नाही, मागं सरका, मागं!" पायजामेवाल्या बाया धंदा सोडून बघत होत्या. निऱ्या घातल्या, खोचल्या, सोगा काढला, मागं जाऊन काष्टा मारला. पाठीवर थाप दिली, नवरदेवाला देतात तशी.

"सोगा धर डाव्या हातात."

त्यानं धरला. दोन पावलं चालला. आणि त्याची चाल बदलली. मी पाहिलं. हाफपँटीत तो पोट पुढं टाकून चालायचा. आता मान वर होती. तो आपल्या बापासारखा दिसत होता.

शिपायानं आम्हा दोघांना पाहिलं, एकाच जोडीची दोन पानं, शेजारी शेजारी. या वेळी त्यानं हसू दाबलं नाही. मोकळं हसला आणि हात जोडले.

आतलं सोनं मी सांगत बसत नाही, ते ट्रॅक्टरवाला सांगतो, त्याच्याकडून ऐकावं. मी एकच सांगतो. आत एक लांबच लांब पडवी आहे आणि तिच्या भिंतीवर पूर्ण रामायण काढलं आहे. रावणाचं तोंड हिरवं, मारुती पांढराशुभ्र, वानरांची फौज सोन्यात. आम्ही हळूहळू चालत होतो. एकदम ट्रॅक्टरवाला थांबला आणि त्यानं माझा दंड धरला.

"अबे पाह्य. पाह्य तिकडं."

चित्रातले लोक. राजाचे मानकरी, शिपाई, बाजारातली साधी माणसं. कमरेला कापड, पुढून मागं घेतलेलं, आणि मागं खोचलेलं. काष्टा. हा असा. जसा मी त्याला दहा मिनिटांपूर्वी मारला तसाच.

आम्ही गाईड बाईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, हो, पुराने टाईम में यहाँ सब आदमी ऐसा पहनता था. राजा भी. अभी भी शादी में, पूजा में पहनता है.

"राजाबी?" मी मुद्दाम विचारलं.

"राजा भी."

मी ट्रॅक्टरवाल्याकडं वळलो. तो आधीच म्हणाला, "बोलू नोको. समजलं मले."

"मी कुठं बोललो?"

"तुही टोपी बोलून राह्यली."

मिस्त्री हत्तींचा पायजामा सावरत पुढं आला आणि दोघांच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "फैसला हो गया. धोतर जीता. अब घाटंजी का बाजार बाकी है." त्यानंच आमचा फोटो काढला. आम्ही दोघं, मागं भिंतीवर मानकरी. त्या फोटोत कोण इथला आणि कोण तिथला, ते पाहुण्याला विचारून पाहा.

घरी आल्यावर बायकोनं आधी धोतर उलगडून पाहिलं. फाटकं टोक धरून म्हणाली, "हे?"

"जिन्यानं खाल्लं."

"अन् दुसरं?"

"ट्रॅक्टरवाल्याच्या अंगावर हाय."

ती जी हसायला लागली, ती चहा उतू गेला तरी थांबली नाही.

पोराची पँटही वाया गेली नाही. तुरीच्या वावरात बुजगावण्याला घातली आहे. इस्त्रीची घडी पावसानं मोडेपर्यंत चांगली दिसत होती. पोरगा आधी रागावला. नंतर राजाच्या वाड्यातला फोटो त्यानंच मोठा करून आणला.

आणि बाजार. ट्रॅक्टरवाल्यानं शब्द पाळला. तो खोटं बोलतो, वजनात मारतो, पण शब्द पाळतो. बाजाराच्या दिवशी मी सकाळीच त्याच्या घरी गेलो, नेसवून द्यायला. तो ओसरीत त्या कॅलेंडराखाली तयार उभा होता. स्वतःच नेसला होता. वाकडं होतं, एक निरी सुटून राह्यली होती, पण काष्टा घट्ट होता.

भर बाजारात तो पुढं आणि मी मागं. मिरचीवाल्या बाया, बैलांच्या घुंगरमाळा विकणारे, कटिंगच्या दुकानातले लोक, सारे उठून पाहायला लागले. पोट्टे हसले. ट्रॅक्टरवाला थांबला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हसा! हाफपँटीवाल्याले राजाच्या दारातून हाकलून देतेत, मालूम हाय का? मी सोता पाह्यलं!" हाकललेला तोच होता हे त्यानं सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं. चहाच्या टपरीवर त्यानं पूर्ण गोष्ट सांगितली, शिपायाची, रामायणाची, मानकऱ्यांची, आणि ती सांगताना एकेका वळणावर मी थोडा लहान आणि तो थोडा मोठा होत गेला. मी चहा पीत राहिलो. जिंकलेल्या माणसाला ते परवडतं.

तिथून तो कापडवाल्याकडं वळला. कापडवाल्यानं मला पाहून नेहमीसारखी एक जोडी काढून गादीवर टाकली.

"एक नाई," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "दोन टाक. आता दर साली दोन मागवत जाय."

परतीच्या एसटीला गर्दी होती. तो माझ्या पुढं चढत होता, बगलेत नवी जोडी, दोन्ही हात दांड्याला. पहिल्याच पायरीवर त्याचा पाय स्वतःच्या सोग्यावर पडला आणि तो मागं माझ्या अंगावर आला. मी सांभाळला.

"सोगा हातात धर, लेका!" मी ओरडलो.

अख्खा स्टँड वळून पाहायला लागला. त्यानं सोगा धरला, मान वर केली, आणि चढला.